सागवानावरचा न दिसणारा लेप

मी जे विकत होतो ते दिसत नव्हतं. हाच त्याचा मोठा गुण, असं कंपनीचा माणूस सांगायचा, आणि हीच पुढे माझी पंचाईत झाली. रंगाचं बरं असतं. निळा मागितला, निळा लावला, निळा दिसला, गिऱ्हाईक खुशीत घरी. हा लेप लाकडावर लावला की लाकूड जसं होतं तसंच दिसायचं. तो धड आहे की बिघडलाय हे कळायला आग लागावी लागते, आणि तशी परीक्षा कोणी आपल्या घरात घेत नाही.

गोंदियात मी रंगाचं दुकान टाकलं ते १९९९ साली. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो होतो, नोकरीच्या मागे फिरून चपला झिजवल्या होत्या, घरात पाच वर्षांची पोरगी होती. शिक्षणाचा उपयोग एवढाच झाला की डब्यावरची बारीक अक्षरं मला वाचता यायची. वडील पॉलिशचे मिस्त्री. चपड्याचं पॉलिश करायचे. चपडा म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे. लाख आमच्या भागातलीच, सालेकशाकडच्या पळसांवर आणि कुसुमांवर होणारी. ती स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाची पोटली त्यात बुडवायची आणि लाकडावर हात फिरवत राहायचं, दिवस दिवस. गावातल्या निम्म्या जुन्या दारांवर त्यांचा हात फिरलेला. माझ्या दुकानातल्या तयार डब्यांनी त्यांचा धंदा बसला. ते कधी तसं बोलले नाहीत. दुकानात एका कोपऱ्यात बसून डब्यांची झाकणं हुंगायचे आणि नाक मुरडायचे.

एकदा कंपनीने आम्हा दुकानदारांना नागपूरला बोलावलं. हॉटेलच्या मागच्या अंगणात सागवानाच्या दोन फळ्या उभ्या केल्या, दिसायला जुळ्या. दोन्हींना खालून गॅसची ज्योत लावली. एक भराभरा पेटत वर गेली. दुसरीवरचा लेप उडदाच्या पापडासारखा फुगायला लागला. काळा, फेसाळ, जाड थर तयार झाला, ज्योत तिथेच घुटमळली आणि विझली. थर खरवडला तर खालचं लाकूड पिवळंच. मी एवढा शिकलेला, पण आ वासून पाहत राहिलो.

मग तिथल्या साहेबांनी वर्ग समजावले. आग लाकडावरून किती भरभर पसरते यावरून वर्ग ठरतो. साधं सागवान तिसऱ्या वर्गातलं. लेप लावला की पहिला वर्ग, म्हणजे ठरलेल्या वेळात ज्योत वीतभरही पुढे सरकत नाही. "पण एक लक्षात ठेवा," ते म्हणाले, "वर्ग डब्याला नसतो. कोरं लाकूड, मोजून दिलेले तीन हात, आणि वर दुसरं काही नाही, या सगळ्याला मिळून तो असतो. वर काही चोपडलं की वर्ग गेला." मी मान डोलावली. कोण चोपडणार होतं?

आमच्या समाजाचं सभागृह नागऱ्याच्या रस्त्याला उभं राहिलं ते २००४ मध्ये. अध्यक्ष माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, आणि आमचे मामाजी म्हणजे बोललेला शब्द खाली पडू न देणारा माणूस. सभागृह आतून पूर्ण सागवानाचं हवं, असं त्यांनी एका बैठकीत बोलून टाकलं होतं. वनखात्याच्या लिलावातून लाकूड आलं. भिंतींना फळ्या, छताला फळ्या, स्टेजच्या मागे फळ्या. एसी बसवायचा म्हणून खिडक्याही फळ्यांखाली गेल्या. "खिडक्या कायले पाहिजे? थंडी हवा बाहेर घालवाले?" मामाजी म्हणाले. राहिली दोन दारं. एक समोरचं मोठं, आणि एक स्वयंपाकघराकडचं, ज्याला पंगतीच्या वेळी पलीकडून कडी असायची, कारण बुंदीच्या परातींना पाय फुटतात हा आमच्या समाजाचा जुना अनुभव. हे सगळं मी तेव्हाच पाहिलं होतं. खोटं कशाला बोलू, मला फक्त माझी मोठी ऑर्डर दिसत होती.

शेकडो माणसं बसणार अशा लाकडी सभागृहाला अग्निसुरक्षेचा दाखला लागतो. दाखल्यासाठी लेप लावणाऱ्याचं पत्र लागतं, की लेप लावला आहे, वर्ग पहिला. दरवर्षी पुन्हा पत्र, की लेप शाबूत आहे. खाली लावणाऱ्याची सही. मामाजींनी पहिलं पत्र फ्रेम करून दारातच टांगलं, नातू मॅट्रिकला पहिल्या वर्गात आल्यासारखं.

काम मी चोख केलं. हे ठासून सांगतो, कारण पुढचं सांगताना मान खाली घालावी लागणार आहे. पहिल्या दिवशी वडील कापडी पिशवीत पोटली आणि स्पिरिटची बाटली घेऊन हजर झाले. ते धरूनच चालले होते की समाजाच्या सागवानावर त्यांचा हात फिरणार.

"बाबूजी, याला तुमचा हात लावायचा नाही," मी म्हणालो.

"काऊन?"

"याच्यावर चपडा चालत नाही."

"सागवानावर चपडा चालत नाही?" ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पिशवी उचलली आणि दाराबाहेर एका पोत्यावर जाऊन बसले. काम चाललं तितके दिवस ते रोज येऊन तिथे बसायचे. मला घाई होती, आणि कबूल करतो, थोडी मजाही वाटत होती. जन्मभर त्यांनी मला शिकवलं, आता मला येत होतं आणि त्यांना नाही.

या लेपाला एक खोड आहे, तो ओलाव्याला भितो. आमच्याकडे श्रावणभादव्यात बंद खोलीच्या भिंतींना घाम सुटतो. त्या पावसात सभागृहाचं छत दुधाळ झालं, कुठे कुठे बोटाला चिकट लागायला लागलं. मामाजींनी बोलावून घेतलं. "जावईबापू, हे काय करून ठेवलं? सागवानाले बुरशी आली म्हणून लोक थुंकून राहिले तोंडावर." मी सांगितलं, बुरशी नाही, दमट हवा आहे, थंडी पडली की आपोआप निवळेल. खरंच निवळलं असतं. पण दिवाळीनंतर समाजाचा पहिला मोठा मेळावा होता. या लेपावर चालणारा खास वरचा हात कंपनीकडे मिळतो का, हे विचारायला मी तीन दिवस नागपूरला गेलो.

परत आलो तो थेट मेळाव्यातच. दारातून आत पाऊल टाकलं आणि जवसाच्या तेलाचा वास आला.

आमच्या घरांतली एक रीत इथे सांगितली पाहिजे. धान निघालं की बांधीत जवस पेरतात, आणि त्याचं घाण्यावरचं तेल खाण्याइतकंच लाकडाला लागतं. लग्नघर म्हटलं की चौकट, पाट, मांडवाचा खांब, सगळं जवसाच्या तेलाने पुसून काढायचं. कोरड्या चौकटीखालून नवरी काढत नाहीत. सभागृहात पहिलं मंगल कार्य, लाकूड पांढरं पडलेलं, मुलगा गावाला गेलेला. वडिलांनी चार बायांना हाताशी घेतलं आणि तीन दिवसांत छतापासून खालपर्यंत तेल चोळलं, वर चपड्याचा हात फिरवला. त्यात कपट नव्हतं. या भागातल्या कुठल्याही माणसाने हेच केलं असतं.

आणि ते दिसत काय होतं! मधाच्या रंगाचं सागवान, त्यात शिरा जिवंत झालेल्या. तेलाच्या चिंध्या वडिलांनी पाण्याच्या बादलीत बुडवून बाहेर ठेवल्या होत्या, कारण जवसाची चिंधी गुंडाळून टाकली तर आपली आपण तापून पेटते, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलं होतं. आगीची एवढी काळजी घेणारा माणूस.

मामाजी स्टेजवर माईक धरून उभे होते. "पोराच्यानं झालं नाही ते बापानं करून दाखवलं!" सगळे हसले, टाळ्या पडल्या. वडिलांना वर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला. साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांना कोणी स्टेजवर बोलावलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते. गर्दीत त्यांना मी दिसलो, आणि त्यांनी नारळाचा हात थोडा वर केला. मीही टाळ्या वाजवल्या.

तरी मनात शंकेला जागा ठेवली होती. कदाचित तेल लावूनही लेप काम करत असेल. दोन दिवसांनी दुपारी दुकानामागे मी सभागृहाच्या कामातल्या उरलेल्या दोन तुकड्यांवर लेप लावला. वाळल्यावर एकावर तेल आणि चपडा चढवला. दोन्हींना ज्योत दाखवली. पहिला तुकडा फुगला, काळा पडला, विझला. दुसऱ्यावर आधी चपडा वितळून ओघळला, मग तेल पेटलं, आणि लेप फुगायच्या आतच ज्योत टोकापर्यंत जाऊन पोचली. मी पायाने माती लोटून ती विझवली. शंकेला जागा उरली नव्हती.

उपाय होता, नव्हता असं नाही. सगळं तेल खरवडून कोरं लाकूड काढायचं आणि पुन्हा तीन हात द्यायचे. तेलावरच नवा लेप दिला तर तो धरत नाही, उन्हात भाजलेल्या कातडीसारखा सोलून येतो. म्हणजे सभागृह दोनतीन महिने बंद. का बंद, हे सगळ्या समाजाला सांगायचं. आणि सगळ्यात आधी वडिलांना सांगायचं, की तुम्हाला ज्यासाठी शाल मिळाली त्यामुळेच माणसं जळतील. ती शाल त्यांनी घडी घालून कपाटात ठेवली नव्हती. थंडीत रोज सकाळी ते ती पांघरून चहाच्या टपरीवर जायचे.

पुढच्या वर्षी पत्राची वेळ आली. मी चार दिवस टाळलं. मामाजींचा माणूस दुकानात येऊन उभा राहिला. लेप शाबूत आहे, वर्ग पहिला. मी सही केली. माझा हात थरथरला वगैरे काही नाही. तो थरथरला असता तर बरं वाटलं असतं.

एकदा केलेली खोटी सही दुसरी मागते. दुसऱ्या वर्षी खरं सांगायचं तर पहिल्या वर्षीचं काय, हा प्रश्न आला. तिसऱ्या वर्षी दोन वर्षांचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ वळून वळून हाताला पेटके येतात हे कोणी सांगत नाही.

सभागृह मात्र जोरात चाललं. लग्नं, साक्षगंध, वाढदिवस, निवृत्तीचे सत्कार. नात्यागोत्यात मला प्रत्येक ठिकाणी जावंच लागे, आणि मी अध्यक्षांचा जावई, म्हणून बसवायचे अगदी पुढे. स्टेजखाली पहिल्या रांगेत, दारापासून सगळ्यात लांब. मी पावलं मोजायचो. पाठीमागे किती रांगा, म्हाताऱ्या किती, कडेवरची पोरं किती. छताकडे पाहायचो. सत्यनारायणाची समई, आरतीचं ताट, उदबत्तीचा पुडा, प्रत्येक वस्तूकडे मी चोराकडे पाहावं तसा पाहायचो. घास गिळवायचा नाही. बायको म्हणायची, "आमच्याइकडचं जेवन तुमाले कधी गोड लागत नाही." मी तिलाही सांगितलं नव्हतं. ती मामाजींची लेक होती. पुढे पुढे नवरानवरी स्टेजवर आली की दोन्ही बाजूंनी ठिणग्यांची कारंजी उडवायची टूम निघाली. पहिल्यांदा ती उडाली तेव्हा मी उठून उभाच राहिलो. मागचे ओरडले, "भाऊ, खाली बसा, दिसून नाही राहिलं."

अशा अकरा सह्या झाल्या. मग माझ्या पोरीचं लग्न ठरलं.

लग्न कुठे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. "नात माही, सभागृह माहं," मामाजी म्हणाले, आणि तारीख लिहून टाकली. वरपक्षाला सागवान दाखवून आणलं. त्यांनी फोटो काढले. घरी सगळ्यांच्या तोंडावर आनंद, आणि मला रात्रंदिवस एकच दिसायचं, ती स्टेजवर उभी, मागे छतापर्यंत तेल प्यालेलं लाकूड. दुसऱ्यांच्या पोरी अकरा वर्षं त्याच स्टेजवर उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा मी घास घोळवत बसलो होतो. आपलं पोर उभं राहायची वेळ आली तेव्हा माझं पाणी झालं. मी किती हलका माणूस आहे हे मला त्या महिन्यात कळलं.

एका दुपारी वडील दुकानाच्या पायरीवर बसले होते. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. जवस, दोन तुकडे, सह्या, सगळं.

"मंग आतापर्यंत सांगतला काऊन नाही?"

"तुमचा सत्कार झाला होता, बाबूजी."

त्यांनी मान वळवली. "लोकायले तू त्या हॉलमंदी जेवाले बसवत राहिला? माह्या एका शालीपायी?"

मला मारलं असतं तरी चाललं असतं. ते उठले, चप्पल घातली आणि तडक मामाजींकडे निघाले. मी मागे मागे.

मामाजींच्या ओसरीवर पत्रिकांचे गठ्ठे पडले होते. वडील व्याह्यांपुढे उभ्यानेच बोलले, "इवाई, लाकूड मी बिघडवलो. त्याच्यावरचं औषध मेलं. खरडून नवीन लावा लागते."

मामाजी आधी हसले. मग माझ्याकडे पाहून त्यांना कळलं की हे खरं आहे. "बारा वर्सांत काही झालं काय?" त्यांनी विचारलं. "झालं नाही ना? आता पत्रिका वाटून राहिलो. पुढचा सगळा हंगाम दिलेला आहे लोकायले. अन् दरवर्सी पत्रावर सही कोनाची आहे, जावईबापू? माही नाही. उद्या पोरीच्या सासरच्यायले समजलं का बापानं खोट्या सह्या केल्या, त मंग?"

हे मी स्वतःशी हजारदा बोललो होतो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसल्यासारखं झालं. वडील म्हणाले, "लग्नाले आठ दिवस आहेत. चाबी द्या. जेवढं होते तेवढं खरडतो."

चावी मिळाली, या बोलीवर की कोणाला काही सांगायचं नाही. जुने मिस्त्री पॉलिश खरडायला फुटक्या काचेची धार वापरतात. वडिलांनी काचेचे तुकडे केले, त्यांच्या पाठीला चिंध्या गुंडाळल्या आणि स्टेजच्या मागच्या भिंतीपासून सुरुवात केली. मी शेजारी उभा राहून खरडायला लागलो. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे गेलेलं. हात वर धरून धरून दुपारपर्यंत खांदा जायचा, मग ते बसून खालच्या फळ्या घ्यायचे. तेलकट साल गळून पायांत ढीग व्हायचा. आपलंच काम, ज्याला सगळा समाज आजही दाद देत होता, ते त्यांनी काचेने सोलून काढलं. एकदा मी म्हणालो, थोडं थांबा. ते म्हणाले, "तू खरड." आठ दिवसांत तेवढं बोलणं झालं.

स्टेजमागची एक भिंत झाली. कोरं लाकूड काढून मी तीन हात दिले, मोजून. बाकीच्या भिंती आणि छत तसंच राहिलं. ती एक भिंत फिकी, बाकी सभागृह मधासारखं. नवीन आलेल्या माणसाला वाटावं की पैसे संपले म्हणून पॉलिश अर्धं राहिलं.

लग्नाच्या सकाळी मी पोचलो तेव्हा डेकोरेशनवाले त्या भिंतीवर कापड लावत होते. गुलाबी झिरझिरीत नायलॉनच्या झालरी, छतापासून खालपर्यंत, मध्ये थर्माकोलचा मोर. "ये दीवार फीकी दिखती थी साब," त्यांच्यातला म्होरक्या पोऱ्यांना शिडी धरायला सांगत म्हणाला, "अध्यक्षजी ने बोला ढाँक दो." मी शिडीला हात घातला. काढ म्हणालो. तो गोंधळला. आवाज चढला, वरपक्षाची दोन माणसं वळून पाहायला लागली. तेवढ्यात बायको आली. तिला तोवर अर्धंमुर्धं कळलं होतं. तिने माझं मनगट धरलं आणि दात आवळून म्हणाली, "आजचा दिवस गप्प राहा. तुमाले हात जोडते."

मी शिडी सोडली.

लग्न लागलं. ठिणग्यांची कारंजी उडाली. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, फोटो निघाले. काही झालं नाही. संध्याकाळी मामाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नुसतं हसले. ते हसणं मला आगीपेक्षा कमी लागलं नाही, कारण ते खरे ठरले होते आणि पुढेही ठरणार होते, जोवर एक दिवस ठरणार नाहीत तोवर.

पुढच्या पावसाळ्यात वडील गेले. खांदा तसाच धरलेला होता. पुन्हा खोटी सही करणार नाही असा शब्द त्यांना दिला होता, त्याप्रमाणे त्या वर्षी मी पत्रावर सही केली नाही. मला वाटलं, आता तरी काहीतरी हलेल. आठवड्याभरात दुसरं पत्र आलं, बाहेरगावच्या कोणा ठेकेदाराचं, ज्याने सभागृह कधी पाहिलं नव्हतं. लेप शाबूत आहे, वर्ग पहिला. मी सुटलो, असं मी स्वतःला सांगितलं. सही माझी नाही, म्हणजे पाप माझं नाही. लग्नांना जाणं मी तब्येतीच्या नावावर बंद केलं. दोन वर्षं अशी गेली, आणि खरं सांगायचं तर ती आधीच्या अकरांपेक्षा वाईट गेली. आधी आत बसून निदान दारावर नजर तरी असायची.

मग एका दुपारी पोरीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, नणंदेचं लग्न आपल्या सभागृहातच करू म्हणून सगळे मागं लागले होते. मी दुसरीकडं न्यायले लावलं."

मी विचारलं, का?

"तुमाले मालूम आहे काऊन ते." ती म्हणाली. "आजोबांनी सांगितलं होतं मले. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी. म्हणाले, मी त एक भिंतच केली पोरी, तुले सांगून ठेवतो, आग दिसली त कोनाची वाट पाहू नको, पळ."

ती सगळं माहीत असून त्या झालरीपुढे उभी राहिली होती.

"मी स्टेजवरून तुमच्याकडंच पाहून राहिली होती, बाबा. वाटे, तुमी आता बोलाल, आता बोलाल." मग तिचा आवाज एकदम सावरला, मला धीर दिल्यासारखा. "पण तुमी घाबरू नका. इथं मी पार्किंग छोटी आहे म्हणून सांगितलं. तुमचं नाव कुठंच येऊ दिलं नाही."

फोन ठेवला. मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. वाटली ती भीती. वडिलांचं मन मोडू नये म्हणून मी अकरा वर्षं गप्प बसलो, आणि आता माझी लाज राखायला माझी पोरगी गप्प बसायला शिकली होती. तिला ते माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. जिथे दरवर्षी पत्र जातं त्या कार्यालयात गेलो आणि जवसापासून शेवटच्या सहीपर्यंत सगळं दोन कागदांवर लिहून दिलं. तिथल्या बाबूने कागद चाळले, वर्षं वाचली, चष्मा वर केला आणि एक छापील अर्ज पुढे सरकवला. म्हणाला, "भाऊ, नुसत्या कागदावर घेता येत नाही, तक्रारीचा हा फॉर्म भरा. अन् हा रकाना रिकामा ठेवू नका. तक्रार कोणाविरुद्ध आहे?"

मामाजी होते, समिती होती, न पाहता सही करणारा तो ठेकेदार होता. बाबू वाट पाहत होता. मी त्याच्याकडून पेन घेतलं आणि त्या रकान्यात माझं नाव लिहिलं.